वहीतला डावा हात

‘हे कधीपासून होतंय?’ डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं त्याच्या बायकोला, आणि उत्तर गेलं त्याच्या तोंडून. ‘मागच्या वर्षी नऊ मार्चपासून. मंगळवार होता.’ बोलून झाल्यावर दचकला तो स्वतःच. बायको तपासणीच्या उंच पलंगावर पाय सोडून बसली होती. मोजे काढलेले, तळव्यांवरून नुकतीच किल्ली ओढून झालेली. त्याआधी तिनं सांगितलं होतं, ‘झाले असतील सहाएक महिने. नाही, जास्तच. लक्षात नाही हो.’ आता ती त्याच्याकडे बघत होती. रिकाम्या समजलेल्या खोलीत दिवा लावावा आणि कुणीतरी आधीच बसलेलं दिसावं, तशी. डॉक्टरीणबाई त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी तरी लहान असतील. त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘एवढं नेमकं?’ ‘माझ्याकडे लिहिलेलं आहे.’ ‘म्हणजे पुढचंही?’ ‘तारीखवार,’ तो म्हणाला, आणि या शब्दातला स्वतःचा रुबाब त्याच्याच कानाला खुपला. ‘असा नवरा मला पहिल्यांदाच भेटतोय,’ बाई म्हणाल्या. ‘लोकांना बायकोचं वय सांगता येत नाही.’ बायको मोजा चढवत होती. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये मोजा धरायचा, तो सुटायचा, परत धरायचा; आणि तो खाली वाकून मदत करण्याऐवजी मोजा कसा सुटतो ते बघत राहिला. हेही त्याच्या लक्षात आलं, पण उशिरा, तिचा दुसरा पाय बुटात गेल्यावर.

बाईंनी मानेचा फोटो उजेडाच्या चौकटीवर लावून दाखवला. डाव्या बाजूला एका मणक्याशी नस दाबलेली दिसत होती. पण तुमच्या वयात असं दाबलेलं निम्म्या लोकांच्या मानेत सापडतं आणि ते मजेत हिंडत असतात, त्या म्हणाल्या. आज दोन्ही हात सारखेच अशक्त आहेत, नसांच्या तपासणीत दोन्ही बाजू सारख्याच येतायत, त्यामुळे मोठीच अडचण आहे. सुरुवात डाव्या हातानं झाली असेल तर दोष मानेचा. ऑपरेशन करून मान उघडावी लागेल, तीही लवकर. उजव्यानं झाली असेल तर मानेचा काही संबंध नाही. मग आजार दुसराच, त्याचं औषध वेगळं, आणि उगाच मान उघडली तर हातात उरलंय तेही जाण्याची भीती. ‘कुठल्या हातानं झाली?’ बायकोनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. ‘मी दोन्ही हातांनी काम करते. सुरी या हातातून त्या हातात जाते, मला कळतसुद्धा नाही. खरंच आठवत नाही.’ बाई त्याच्याकडे वळल्या. ‘वहीत असेल ना?’ ‘असेल,’ तो म्हणाला. ‘मग उद्या अकराला वही घेऊन या. वहीवरच ठरवू.’

बसमध्ये बायको खिडकीशी बसली आणि डोळे मिटून राहिली. तो शेजारी. गुडघ्यावर पिशवी, पिशवीत फोटोचं मोठं पाकीट. आपल्याला नक्की कशाचा धक्का बसलाय हे त्याला थांब्यामागून थांबे गेले तरी कळेना. आजाराचा म्हणावा तर तो अजून नीट पोचलाच नव्हता. दारात उभा होता, आत आला नव्हता. धक्का त्या तारखेचा होता. ती वही काही आजाराची नव्हती. ती कवितेची वही होती. तीस वर्षं तो अशा वह्या ठेवत आला होता, आणि त्यांत काय असायचं तर ऐकलेली वाक्यं. कुणी सहज बोलून गेलेलं, दुकानात, जिन्यात, कचेरीत, आणि बहुतेक घरात. नोकरी त्याची वजनमापं तपासणाऱ्या खात्यात. काटे, तराजू, पेट्रोलचे पंप, कापडाचे गज. काटा जिथे थांबला तिथला आकडा लिहायचा, आपल्याला आवडतो तो नव्हे. तेवीस वर्षांत त्यानं एकही आकडा आपल्या मनानं लिहिला नव्हता आणि खात्यात त्याला मागून काटेसाहेब म्हणत. कवितेत मात्र त्याची पद्धत वेगळी होती, आणि दर शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमणाऱ्या सात-आठ होतकरू मंडळींना तो ती हौसेनं सांगायचा. ऐकलेलं वाक्य लगेच वहीत उतरवायचं नाही. दिवसभर तोंडात धरायचं. त्याचे कोपरे आपोआप जातात, जास्तीचा शब्द गळतो, कमी असेल तो येऊन बसतो. संध्याकाळी ते बसलं की मग लिहायचं, आणि समोर तारीख टाकायची. ‘चांगलं लिहायचं म्हणजे चांगलं जगायचं,’ तो त्यांना म्हणायचा, ‘आणि चांगलं जगायचं म्हणजे दुसरं काही नाही, जवळच्या माणसाचं नीट ऐकायचं.’ यावर मंडळी माना डोलावत. एका निवृत्त नर्सबाईंनी ते वाक्य लिहून घेतलं होतं.

घरी आल्यावर बायको आडवी झाली आणि तो टेबलाशी वही घेऊन बसला. बाहेर अजून ऊन होतं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी उशा वाळत टाकल्या होत्या. नऊ मार्च: ‘डाव्या हाताला आज मेण ओळखीचं वाटलं नाही.’ बायको दातांच्या कारखान्यात कवळ्या घडवायची. गुलाबी मेण, प्लास्टरचे जबडे, बर्नरवर तापवलेली छोटी सुरी. तिच्या हातचे दात घालून अर्धं शहर चावतंय असं तो पाहुण्यांना सांगायचा. दोन एप्रिल: ‘बटण आणि काज यांचं भांडण मिटत नाही.’ एकोणीस मे: ‘जिन्याला आज एक पायरी जास्त होती.’ सहा जुलै: ‘कप माझ्यापासून थोडा लांब सरकला.’ मग कुलूप, मग फणी, मग ऑक्टोबरात ‘मी चालते आणि माझा पाय मागून येतो’. चौदा महिने, एकतीस वाक्यं. त्यातल्या बारांच्या कविता झाल्या, एका चांगल्या मासिकानं त्या एकत्र छापल्या, पत्रं आली, एका अनोळखी म्हाताऱ्यानं लिहिलं की इतकं बारीक निरीक्षण आजकाल दिसत नाही. तो पानं मागेपुढे उलटत होता. ही कवितेची वही म्हणून वाचली तर कवितेची होती, आणि आजाराची म्हणून वाचली तर शाळेतल्या पोरालाही कळेल इतकी उघड होती. बोटं, मग मनगट, मग पाय. क्रमसुद्धा बरोबर. इतक्या जवळून, इतक्या प्रेमानं एकेक वाक्य उचललं होतं आणि एकदाही त्याला विचारावंसं वाटलं नव्हतं, की काय गं, काय होतंय तुला?

तो एकोणीस मेचा दिवस त्याला लख्ख आठवला. ती धापा टाकत वर आली होती, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली होती, आणि जिन्याबद्दल काहीतरी बोलली होती. तो ‘वा’ म्हणाला होता. नुसतं ‘वा’ नाही, उठून जवळ गेला होता, तिचे खांदे धरले होते, ‘काय बोललीस तू हे,’ म्हणाला होता. तिच्या चेहऱ्यावर आनंद आला होता. म्हणजे दमही आणि आनंदही. लग्नाला एकोणतीस वर्षं झालेल्या बाईच्या खांद्यावर नवरा इतक्या उत्साहानं रोज हात ठेवत नाही. त्यानंतर तिची वाक्यं वाढली. हे त्याच्या आत्ता लक्षात आलं, तारखा बघताना. मेआधी महिन्याला एखादं, मेनंतर दोन-दोन, तीन-तीन. तेव्हा त्याला वाटलं होतं, सहवासानं तिलाही कवितेचा गुण लागला. आता दुसरंच काही वाटलं, आणि ते इतकं वाईट होतं की तो खुर्चीवरून उठला आणि पाणी प्यायला. तिला बरं वाटत नव्हतं. ते तिनं एकदा साधं सांगून पाहिलं असेल, दोनदा सांगून पाहिलं असेल. मग तिला कळलं असेल की या घरात साधं बोललेलं ऐकू जात नाही. म्हणून ती दुखणं नटवून आणत होती, आणि तो नटवलेलं तेवढं ठेवून घेत होता. त्याला स्वतःची किळस आली.

संध्याकाळी तिची थोरली बहीण आली, नेहमीसारखी चपला काढता काढताच बोलत. रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीत जन्म काढलेली बाई. समोरच्याला एका वाक्यात गाडी कुठल्या फलाटावर ते सांगायची सवय. आतल्या खोलीत बहिणीशी बोलून ती बाहेर आली आणि त्याच्यासमोर बसली. ‘भाऊजी, एक विचारू? राग नाही ना येणार?’ ‘विचारा ना.’ ‘तुमच्या त्या छापून आलेल्या कविता हिनं मला वाचायला दिल्या होत्या. मला त्यातलं कळत नाही, तुम्हाला माहितीय. पण ते कप लांब जातो, पाय मागून येतो, ते वाचलं. मी त्याच दिवशी हिला फोन केला. म्हटलं, अगं, डॉक्टरला दाखवलंस का?’ त्याला विचारायचा धीर होईना, पण विचारलं, ‘मग?’ ‘मग काय. हसली. म्हणाली, ताई, ते कवितेतलं आहे.’ आतल्या खोलीकडे बघून थोरलीनं आवाज खाली आणला. ‘मी पण म्हटलं, असेल बाई. कवितेतलं असेल. आपल्याला काय कळतंय.’ त्याला वाटलं आता ती काहीतरी टाकून बोलेल, आणि बोलली असती तर बरं झालं असतं. पण ती उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि बरणीचं घट्ट बसलेलं झाकण उघडून तसंच सैल ठेवून आली. तेवढं बहिणीला उघडता येत नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती जाताना म्हणाली, ‘उद्या काय ठरतं ते फोन करून कळवा, भाऊजी. सरळ भाषेत.’

पहाटे त्याला जाग आली ती ‘डाव्या’ या शब्दानं. बायको शेजारी झोपलेली, हात छातीशी घेतलेले. डाव्या हाताला. त्याला तो शब्द बसल्याचा क्षण आठवला. अगदी स्पष्ट. नऊ मार्चला संध्याकाळी कचेरीतून सायकलवर येताना, मोठ्या रस्त्याच्या दिव्याशी, सिग्नल लाल असताना. दिवसभर तोंडात घोळवलेलं वाक्य काही केल्या उभं राहत नव्हतं, लंगडत होतं, आणि तिथे एकदम ‘डाव्या’ आला आणि सगळं वाक्य जागेवर बसलं. त्याला इतका आनंद झाला होता की सिग्नल सुटल्यावरही तो उभाच राहिला आणि मागच्या स्कूटरवाल्यानं शिवी दिली. डावा. हृदयाच्या बाजूचा. दुय्यम, बिचारा, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. डावा म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात आपोआप काहीतरी हलतं, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. त्याच्या जुन्या कवितांतही डावे डोळे आणि डावे खांदे जरा जास्तच होते, आणि एका समीक्षकानं त्यावर चेष्टाही केली होती. म्हणजे डावा त्याचा होता. सिग्नलशी आलेला. मग सकाळी ती आदल्या दिवसाच्या कामाबद्दल काय म्हणाली होती? उजवा म्हणाली होती? की नुसता हात? तो पाठीवर पडून ती सकाळ शोधू लागला. ती ऑफिसचा डबा भरत नव्हती, डबा त्यानंच भरला होता. तिच्या अंगात तो फिकट निळा, कोपरांवर विटलेला स्वेटर होता. खिडकीतून ऊन टेबलाच्या अर्ध्यापर्यंत आलं होतं. आदल्या दिवशीच्या मेणाचा गोडसर वास तिच्या केसांना होता. सगळं होतं. ती तोंड उघडते आणि बोलते, तेही दिसत होतं. ऐकू मात्र त्याचंच वाक्य येत होतं.

एखाद्या दुकानदारानं तपासणी झाल्यावर मापाच्या तळाला मेण चिकटवावं, आणि मग विसरून त्याच मापानं घरच्या औषधाचं प्रमाण घ्यावं, असा प्रकार झाला होता. कचेरीत कुणी आकडा बदलला असता तर त्यानं त्याला त्याच दिवशी घरी बसवलं असतं. आणि इथे एकतीस आकडे त्यानं बदलले होते, कौतुक करत, तारीख टाकून. त्यानं उठून वही परत चाळली. ‘एक पायरी जास्त’, यातला एक कुणाचा? ‘थोडा लांब’, यातला थोडा? पाय मागून येतो, ती म्हणाली होती की पाय दुखतो, आणि पुढचं सगळं त्याचं? त्याला वही फाडावीशी वाटली. मग वाटलं, बायकोला विचारावं. तिला आठवेल, बोललेल्या माणसाला आपलं बोलणं आठवतंच. उजाडल्यावर स्वयंपाकघरात ती दोन्ही तळव्यांमध्ये कप धरून चहा पीत होती. तो समोर बसला. विचारायचं म्हणजे आधी सांगायला हवं होतं, की तुझं बोलणं मी ठेवलंच नाही, छाटून त्यात माझं बसवलं. ‘त्या नऊ मार्चला,’ त्यानं सुरुवात केली. ‘डॉक्टरांसमोरच बोलू ना,’ ती म्हणाली, ‘दोनदोनदा कशाला. मला त्या मानेची फार भीती वाटतेय रे.’ मग थोडं थांबून, त्याच्याकडे न बघता, ‘तू एवढं सगळं लिहून ठेवलंस. मला वाटायचं तुझं लक्षच नाही.’ तिचा आवाज मऊ होता. ती त्याला दाद देत होती. यापेक्षा तिनं कप फेकून मारला असता तर त्यानं तो झेलला असता.

अकराला पाच कमी असताना ते आत गेले. तोच उंच पलंग, तीच उजेडाची चौकट, मान परत तिथेच लावलेली. डॉक्टरीणबाईंनी कोरा कागद घेतला आणि मध्ये उभी रेघ मारली, डावीकडे डावा, उजवीकडे उजवा. ‘हं, सुरुवातीपासून वाचा.’ त्यानं वही उघडली. अक्षरं नीट होती; त्याचं अक्षर फार चांगलं होतं. ‘नऊ मार्च,’ तो म्हणाला आणि थांबला. सांगायचं ते त्यानं बसमध्ये मनाशी जुळवलं होतं, आणि तिथेही दोन वेळा त्यातला शब्द बदलून अधिक बरा घातला होता, तेव्हा त्याला स्वतःच्या डोक्याची भीती वाटली होती. आता जुळवलेलं सगळं गेलं होतं. तेवढ्यात बायको पुढे झुकली. ‘थांबा, आठवलं मला. डावाच. हो, डावाच.’ तिचा चेहरा उजळला होता, हरवलेली वस्तू घरातच सापडल्यावर उजळतो तसा. बाईंनी डावीकडे टिंब केलं. त्याच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. तिला आठवत होतं. म्हणजे सिग्नलशी आलेला शब्द मुळात तिचाच होता, सकाळी तिनं टाकलेला, संध्याकाळी त्याला सापडलेला. असं होतं कधीकधी. तो सुटला होता. ‘नक्की ना?’ बाईंनी विचारलं. ‘कारण मग मी गुरुवारीच मान घेते.’ ‘नक्की. मला अख्खं वाक्य आठवतंय,’ बायको म्हणाली, आणि तिनं ते म्हटलं, ‘डाव्या हाताला आज मेण... ओळखीचं वाटलं नाही.’

‘मेण’नंतर ती थांबली होती. तो थांबा त्यानं घातला होता. छापताना तिथे ओळ तोडली होती, आणि पहिल्यांदा वाचून दाखवताना इथे श्वास घ्यायचा असतो असं तिला सांगितलंही होतं. बाई लिहू लागल्या होत्या. गुरुवार, सकाळी आठ, आदल्या दिवशी दाखल. त्यांचं पेन भरभर चाललं होतं. गप्प बसलं तर कुणालाही काही कळणार नव्हतं. वही सांगत होती, बायको सांगत होती, फोटोही तेच सांगत होता. त्याला तिची मान दिसत होती. मागे केस वर बांधलेले, खाली एक लहानसा तीळ. त्या तिळाबद्दल त्यानं कधी काही लिहिलं नव्हतं. ‘लिहू नका,’ तो म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. बाईंनी वर पाहिलं. ‘हे तिचं वाक्य नाही. माझं आहे. डावा मी घातलाय. मी बदलतो. लिहायच्या आधी मी सगळंच बदलतो. ती काय म्हणाली ते यात नाही, कशातच नाही, एकाही पानावर नाही.’ बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग वहीकडे. ‘का?’ एवढंच त्यांनी विचारलं, रागानं नाही, खरंच कळत नसल्यासारखं. त्यानं वही मिटली. शनिवारी त्यावर तो तास तास बोलायचा.

बायको त्याच्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग शोधला तर राग नव्हता. ती आत कुठेतरी चाचपडत होती, ओठ हलत होते, डाव्या हाताला आज, पुन्हा डाव्या हाताला आज, आणि दर वेळी तिथेच येऊन थांबत होती. तिनं एक हात उचलून पाहिला, मग दुसरा.

‘मग माझं काय होतं?’ तिनं विचारलं.

त्याला आठवेना.